केसांची सुट्टी

मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. भर दुपारी बजाज चौकातसुद्धा वर्दळ ओसरते आणि कूलरसमोरची जागा सोडली तर हवेत ओलावा म्हणून नसतो. मृग लागला की थोड्याच दिवसांत तेच गाव दमट होतं, वाळत घातलेला टॉवेल दुसऱ्या दिवशीही ओलसर लागतो. पौषात पुन्हा ओठ फुटतील अशी कोरडी थंडी. या तीन हवामानांनुसार इथली माणसं कपडे बदलतात, जेवण बदलतात, झोपायची जागासुद्धा बदलतात. लाटदार केसांचा दिनक्रम मात्र एकदा मोबाइलवर पाहून शिकला की बारा महिने तोच चालतो. सल्फेट नसलेला शाम्पू, मग कंडिशनर, निथळत्या केसांत बोटांनी क्रीम, त्यावर जेल, मुठीत धरून केस वर दाबायचे, सुती टी-शर्टात गुंडाळायचे, ड्रायरला डिफ्यूझर लावून वाळवायचे, रात्री साटीनच्या उशीवर डोकं टेकायचं आणि सकाळी पाण्याचा फवारा मारून बटा पुन्हा बसवायच्या. ज्यांना हे झेपत नाही त्या दुसऱ्या टोकाला जातात: इस्त्री, स्मूदनिंग, रिबाँडिंग, केराटिन. दोन्हीकडे दमलेल्या बायका हल्ली म्हणतात, ‘केसांना जरा ब्रेक देते.’ हा ब्रेक जरूर घ्यावा, असं माझं मत आहे. पण तो केसांसाठी घेतोय हा समज आधी टाकून द्यावा. केसाला विश्रांती लागत नाही, कारण डोक्याबाहेर आलेला केस जिवंत नसतो. सुट्टी मिळते ती त्या बाईला. तिच्या सुट्टीचा हिशेब केसांच्या चमकेवरून मांडला, तर सुट्टीतही कामच लागतं आणि ‘हेअर डिटॉक्स’ नावाची आणखी एक बाटली घरात येते.

हे नीट कळायला केस म्हणजे काय हे थोडं पाहावं लागेल. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनतो. तो सरळ येणार की वळत येणार हे कातडीखालच्या मुळाच्या आकारावर ठरतं, आणि त्या आकाराचा मोठा भाग वारशानं येतो. बाहेर आल्यावर त्याचा घाट मुख्यतः दोन तऱ्हेच्या बंधांनी टिकतो. हायड्रोजन बंध कच्चे असतात, पाण्यानं सुटतात आणि वाळताना केस ज्या स्थितीत असेल त्या स्थितीत पुन्हा बसतात. डायसल्फाइड बंध पक्के असतात, त्यांना पाणी काही करू शकत नाही. एप्रिलमध्ये इस्त्रीनं काटेकोर सरळ राहणारे केस जूनमध्ये पाऊस लागताच का फुलतात, याचं उत्तर इथे आहे. इस्त्रीनं फक्त कच्चे बंध हलवलेले असतात आणि पावसाळी हवा ते परत सोडवते. रिबाँडिंगमध्ये थायोग्लायकोलेटसारखं रसायन वापरून पक्के बंध तोडतात, केस सरळ ताणतात आणि हायड्रोजन पेरॉक्साइडनं ते नव्या जागी जोडतात. तो परिणाम पावसानं जात नाही, पण मुळातून येणारा नवा केस आपल्या जुन्याच वळणानं येतो. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे ६० सेंटिमीटर लांब वेणीचं टोक पाच वर्षांपूर्वी डोक्यातून बाहेर आलेलं असतं. त्यानं पाच उन्हाळे, पाच पावसाळे आणि असतील तितक्या इस्त्र्या सोसलेल्या असतात. त्याची झीज भरून काढायला तिथे पेशी नाहीत, रक्त नाही. तीन महिने काहीच न करता ठेवलं तर ते टोक बरं होत नाही. फक्त आणखी बिघडत नाही. आणि मुळाशी तीन सेंटिमीटर नवा केस येतो, ज्याला कोणी हात लावलेला नसतो. ब्रेकचा केसांना मिळणारा फायदा एवढाच, आणि तो लहान नाही. पण ज्या मुलीला तीन महिन्यांत ‘फरक’ दिसायला हवा असतो तिला तो दिसत नाही. मग ती पुन्हा बाटलीकडे वळते.

‘आणखी बिघडत नाही’ याची किंमत किती, हे मात्र प्रत्येकीच्या सवयीवर आहे. सरळ करणाऱ्यांच्या बाबतीत पुरावा ब्रेकच्या बाजूनं बराच जड आहे. ओल्या केसाला तापता चिमटा लावला की आतल्या पाण्याची वाफ होते आणि केसाच्या गाभ्यात बुडबुडे तयार होतात. सूक्ष्मदर्शकाखाली तो केस जाळीदार दिसतो आणि तिथेच तुटतो. साधारण १२५ अंशांच्या चिमट्यानंही हे घडतं, आणि बाजारातल्या इस्त्र्या २०० अंशांच्या वर सहज जातात. रसायनांचा प्रश्न त्याहून गंभीर. केस सरळ करण्याच्या अनेक द्रव्यांतून तापवताना फॉर्मल्डिहाइड सुटतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं ते माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलेलं आहे. त्याला पर्याय म्हणून आलेल्या ग्लायऑक्झिलिक आम्लाबद्दल २०२४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ट्युनिशियातल्या २६ वर्षांच्या एका स्त्रीची नोंद आली. २०२० ते २०२२ या काळात तिनं तीनदा पार्लरमध्ये केस सरळ करून घेतले आणि तिन्ही वेळा तिच्या मूत्रपिंडांना इजा झाली. अमेरिकेत ३३,४९७ स्त्रियांच्या पाहणीत २०२२ मध्ये असं दिसलं की, जिनं असली द्रव्यं कधीच वापरली नाहीत तिला वयाच्या सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याची शक्यता १.६४ टक्के, तर वारंवार वापरणारीला ४.०५ टक्के. ही पाहणी कारण सिद्ध करत नाही, नुसता संबंध दाखवते. आणि तिथली द्रव्यं म्हणजे आर्वी नाक्याजवळच्या एखाद्या पार्लरमधली द्रव्यं असंही नाही. पण इथल्या लहान पार्लरमध्ये डब्यावरचा मजकूर वाचून दाखवायची पद्धत नाही, खिडकी बंद असते आणि काम करणारी मुलगी दिवसभर तीच वाफ ओढत असते. गिऱ्हाईक वर्षातून दोनदा येतं. ती रोज तिथे असते. ब्रेकच्या चर्चेत या मुलीचं नाव सहसा निघत नाही.

आता दुसरी बाजू, केस सरळ न करता त्यांची लाट जपणाऱ्यांची. इथला युक्तिवाद अवघड आहे, कारण हा दिनक्रम मुळात सुटकेसाठी आला. लॉरेन मॅसी यांचं ‘कर्ली गर्ल’ हे पुस्तक २००१ मध्ये न्यूयॉर्कमधून निघालं आणि इस्त्रीला कंटाळलेल्या बायकांना त्यानं आपल्या वळणाचे केस स्वीकारायला शिकवलं. भारतात ती पद्धत समाजमाध्यमांवरून आली आणि लहानपणापासून ‘झिपरी’ म्हणवून घेतलेल्या कितीतरी मुलींनी पहिल्यांदा आरशात आनंदानं पाहिलं. हे मोल मी कमी लेखत नाही. पण ती पद्धत घट्ट कुरळ्या केसांना समोर ठेवून बनली. कुरळ्या केसात डोक्याचं तेल वळणावळणानं खाली उतरत नाही म्हणून तो कोरडा राहतो. त्याला क्रीम, जेल, थरावर थर लागतो. लाटदार केस सरळ आणि कुरळ्याच्या मधला. त्याला तेवढं खाऊ घातलं की तो जड होऊन चप्प बसतो, लाट जाते, आणि मग लाट परत आणायला आणखी एक वस्तू. त्यात वर्ध्याचं हवामान. या क्रीम-जेलांत ग्लिसरीन असतं आणि ते ओलावा धरतं. ऑगस्टमध्ये ते हवेतला ओलावा केसात ओढून केस फुलवतं. मेमध्ये हवेत ओढायला काही नसतं, तेव्हा केस चिकट तरी होतो किंवा रखरखीत तरी. बाटलीवर हे लिहिलेलं नसतं. शिवाय दख्खनच्या काळ्या पाषाणातून आलेलं बोअरचं पाणी अनेक ठिकाणी जड. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत कठीणता भारतीय मानकाला चालते, पण त्यातले क्षार केसावर बसतातच, आणि सौम्य शाम्पूनं ते निघत नाहीत. मग ‘क्लॅरिफाइंग’ची वेगळी बाटली.

घरच्या घरी करायचं तर जवसाचं जेल. विदर्भात जवस म्हटलं की चटणी आठवते. तव्यावर तडतडलेलं जवस, तिखट, लसूण, मीठ. जेलसाठी तेच दोन चमचे जवस दोन वाट्या पाण्यात उकळत ठेवायचं. पाच-सात मिनिटांत पाणी दाटतं, वर फेस येतो आणि चमचा उचलला की अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी तार लोंबते. ते लगेच गाळावं लागतं, थंड झालं की फडक्यातून उतरत नाही. पिळताना हात बुळबुळीत होतात आणि अर्धं जेल फडक्यातच राहतं. फ्रीजमध्ये आठवडाभर टिकतं, मग वास येतो. हे स्वस्त आहे, निर्धोक आहे आणि लाट खरंच बसवतं, कारण वाळल्यावर त्या चिकाचा पातळ पापुद्रा केसाभोवती राहतो. पण याला वेळ जातो. आठवड्यातून दोनदा सव्वा तास धरला तरी वर्षाचे १३० तास होतात. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटं. हे १३० तास त्या २८९ मिनिटांतून निघत नाहीत. ते झोपेतून, वाचनातून, नाहीतर नुसतं बसून राहण्यातून निघतात. ज्या घरी उन्हाळ्यात नळाला रोज पाणी नसतं तिथे पाण्याचाही हिशेब आला.

हा ताप आजचा आहे असं म्हणणं चूक ठरेल. केस वळवणं, कुरळे करणं, रचणं जुनंच. वाकाटकांच्या काळात अजिंठ्याच्या भिंतींवर ज्या स्त्रिया रंगल्या त्यांच्या केसांच्या रचना पाहिल्या की आजचे फोटो फिके वाटतात. त्याच वाकाटकांची राजधानी प्रवरपूर म्हणजे वर्ध्याजवळचं पवनार, असं वा. वि. मिराशींनी मांडलं, विनोबांच्या आश्रमासाठी जमीन खणताना निघालेली त्या काळातली शिल्पं आजही धाम नदीकाठी तिथे पाहायला मिळतात. पण अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यातल्या शृंगाराच्या प्रसिद्ध चित्रात आरसा धरलेली राणी एकटी नाही, तिच्या बाजूला दासी आहेत. महाभारतात अज्ञातवासातली द्रौपदी विराटाच्या राणीकडे सैरंध्री म्हणून राहिली, ती याच कामासाठी: केस रचणं, उटी लावणं. विदर्भात चिखलदऱ्याला याच कथेतल्या कीचकाची दरी दाखवतात, म्हणून ही गोष्ट इकडच्या माणसाला जवळची. रचलेले केस हे कोणाचं तरी काम होतं आणि ते काम करणारी वेगळी होती. आज बारावीची मुलगी किंवा बँकेतली कारकून राणीही आहे आणि सैरंध्रीही. पहाटे उठून स्वतःच्या दासीचं काम करायचं आणि दहा वाजता राणीसारखं टेबलावर बसायचं. सैरंध्रीनं एखाद्या दिवशी रजा मागितली तर त्यात नवल काय?

इथे सेवाग्रामचा, म्हणजे वर्ध्याजवळच्या गांधीजींच्या आश्रमाच्या गावाचा, आक्षेप येतो, आणि तो उलट बाजूनं येतो. कोणी म्हणेल, साधेपणाच्या या जिल्ह्यात पुन्हा तीच शिकवण: नटू नका, मुरडू नका. शंका रास्त आहे. गांधीजींनी टॉल्स्टॉय फार्मवर एक प्रयोग केला आणि तो त्यांनीच ‘दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रहाचा इतिहास’ या पुस्तकात लिहिला. तिथे दोन मुलींची छेड काढली गेली. गांधीजींनी त्या मुलींची समजूत घातली आणि स्वतःच्या हातानं त्यांचे लांब केस कापले, म्हणजे पाहणाऱ्याच्या नजरेला आळा बसेल. मुलांच्या वागण्याची किंमत मुलींच्या केसांनी दिली. त्याच माणसानं प्रिटोरियात गोऱ्या न्हाव्यानं नकार दिल्यावर स्वतःचे केस स्वतः मशिननं कापले, मागचा भाग बिघडला आणि कोर्टात हशा झाला, हेही त्यांनी आत्मकथेत सांगितलं आहे. तो हशा त्यांनी स्वतः ओढवून घेतला होता; मुलींच्या बाबतीत तसं नव्हतं. महाराष्ट्रात तर विधवेच्या केसांवर दुसऱ्यांचा हक्क इतका पक्का होता की, केशवपनाविरुद्ध १८९० मध्ये मुंबईत सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं न्हाव्यांनी वस्तरा न चालवण्याचा निर्धार केला. या इतिहासापुढे ‘साधं राहा’ हा उपदेश निरागस राहत नाही. पण याच सेवाग्रामात, तेव्हाच्या सेगावात, गांधीजींच्या आधी येऊन राहिलेल्या मीराबेनचीही गोष्ट आहे. इंग्रज आरमारी अधिकाऱ्याची ही मुलगी १९२५ मध्ये साबरमतीला आली आणि तिनं व्रत घेऊन केस काढून टाकले. हा निर्णय तिचा होता. गुरूपुढे घेतलेला निर्णय कितपत स्वतंत्र असतो यावर वाद घालता येईल, घालावाही. पण फार्मवरच्या मुली आणि मीराबेन यांच्यात फरक आहे, आणि मी ज्या ब्रेकबद्दल बोलतो तो या फरकावर उभा आहे. सासूनं, प्राचार्यानं किंवा नवऱ्यानं सांगितलेला साधेपणा हा ब्रेक नाही. तो नुसता दुसरा दिनक्रम.

दुसरा आक्षेप जास्त व्यवहारी: सोडून दिले तर केसांचा गुंता होईल, आणि महाराष्ट्रात गुंत्याचा अर्थ लगेच जट होतो. न विंचरलेल्या केसांत तेल, धूळ आणि गळलेले केस अडकून घट्ट दोर बनतो. त्याला देवीची खूण मानून त्यावर हळदकुंकू चढतं, कापलं तर कोप होईल या भीतीनं बायका वर्षानुवर्षं मानेवर ते ओझं वागवतात. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी, विशेषतः पुण्याच्या नंदिनी जाधव यांनी, अशा शेकडो बायकांची जट समजूत घालून कापली. कात्री चालवायला थोडाच वेळ लागतो. त्याआधी घरच्यांशी बोलण्यात वेळ जातो. लाटदार आणि कुरळा केस सरळ केसापेक्षा लवकर गुंततो, तेव्हा हा धोका काल्पनिक नाही. पण कोणी ब्रेक म्हणजे विंचरणं सोडणं असं धरलं तर चूक आहे. विनोबांनी १९५० च्या सुमारास पवनारला कांचनमुक्तीचा प्रयोग केला, पैशावाचून जगण्याचा. त्यात काम संपलं नाही. उलट रहाट हातांनी ओढावा लागला, जमीन खणावी लागली. सुटला तो पैशाचा आधार. तसंच इथे. ब्रेकमध्ये जेल, इस्त्री, डिफ्यूझर, फवारा सुटतो. धुणं, सोडवणं आणि बांधणं सुटत नाही.

धुण्याबद्दल थोडं ठामपणे सांगायला हवं, कारण ब्रेकच्या नावाखाली शाम्पूच सोडणाऱ्याही आहेत. डोक्याच्या कातडीवर मॅलासेझिया नावाची बुरशी प्रत्येकाच्या असते आणि ती कातडीच्या तेलावर जगते. वर्ध्याच्या घामाच्या महिन्यांत आठवडाभर डोकं न धुणं आणि वर तेल थापणं म्हणजे कोंड्याला जेवण वाढणं. साधा शाम्पू, हवा तर सल्फेटचाही, आठवड्यातून दोनदा कातडीला लावावा. खालच्या केसांना फेस वाहताना लागतो तेवढा पुरे. तेल धुण्याच्या आधी, केसांच्या लांबीला. खोबरेलाचं कौतुक केवळ परंपरेनं चालत आलेलं नाही. २००३ मध्ये मुंबईच्या मॅरिको कंपनीच्या आरती रेले आणि आर. बी. मोहिले यांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना केली, तेव्हा धुताना होणारी प्रथिनांची झीज फक्त खोबरेलानं कमी झाली. कंपनी खोबरेल विकते हे लक्षात ठेवूनच हा निष्कर्ष वाचावा, पण त्यामागचं कारण पटण्यासारखं आहे: त्या तेलाचे रेणू लहान आणि सरळ असल्यानं ते केसाच्या आत शिरतात. केस ओले असताना, कंडिशनर लावलेलं असताना, रुंद दातांच्या फणीनं टोकाकडून मुळाकडे सोडवावेत. मग सैल वेणी. घट्ट आंबाडा किंवा ताणलेली पोनीटेल बारा महिने राहिली तर कपाळाची कड मागे सरकते. जुन्या पद्धतीचं म्हणून ते निर्धोक ठरत नाही. वाळवण्याबाबत मात्र ब्रेकवाल्यांचा एक आवडता समज कोरियातल्या २०११ च्या प्रयोगानं हलवला. तिथे १५ सेंटिमीटर अंतरावर सतत हलता धरलेल्या ड्रायरपेक्षा आपोआप वाळलेल्या केसांत आतलं जोडद्रव्य जास्त खराब झालं, कारण पाणी बराच वेळ केसात राहिलं. म्हणून पावसाळ्यात, ज्या दिवसांत केस संध्याकाळपर्यंत ओले राहतात, तेव्हा लांबून फिरवलेला कोमट ड्रायर चालेल. सुती पंच्यानं टिपून घ्यावं. कापसाच्या जिल्ह्यात त्यासाठी वेगळा टी-शर्ट विकत आणायला नको.

राहिला लोकांचा प्रश्न. मोकळे, फुललेले केस पाहून ‘केसं कायले मोकये सोडले?’ असं विचारणारं कोणीतरी प्रत्येक वाड्यात असतं, आणि मुलाखतीला जाताना ‘नीटनेटकी’ दिसण्याचा अर्थ बहुतेक ठिकाणी सरळ केस असाच धरतात. कॅलिफोर्नियानं २०१९ मध्ये केसांच्या पोतावरून नोकरीत किंवा शाळेत भेदभाव करायला बंदी घालणारा कायदा केला, तो काळ्या स्त्रियांच्या दीर्घ लढ्यातून आला. आपल्याकडे तसा कायदा नाही आणि तसा लढाही नाही. म्हणून ज्या मुलीचं पोट त्या मुलाखतीवर आहे तिला मी ब्रेकचा उपदेश करणार नाही. तिनं हवं ते करावं. बाकीच्यांना मात्र वेणी आहे. वेणीला कोणी विस्कटलेली म्हणत नाही आणि ती घालायला पाच मिनिटं लागतात. गंमत अशी की, वेणीमुळेच इथल्या अनेक मुलींना आपले केस कसे आहेत हे ठाऊक नसतं. शाळेत दहावीपर्यंत तेल लावून दोन वेण्या, वर बांधून रिबिनी. केस मोकळे वाळलेले पाहायला मिळतात ते रविवारी न्हाल्यावर, तेही तासाभरासाठी. कॉलेजात गेल्यावर पहिल्यांदा केस सुटतात, कुणी त्यांना ‘फ्रिझी’ म्हणतं आणि पुढच्या महिन्यात स्मूदनिंग होतं. मधली पायरीच राहते. उलटही घडतं: वेणी सोडल्यावर पडलेल्या लाटांना आपली लाट समजून मुलगी जेल आणते, पण ती लाट वेणीनं बसवलेल्या कच्च्या बंधांची असते, पुढच्या धुण्यात जाते. खरा घाट पाहायचा तर केस धुऊन, काहीही न लावता, न बांधता, न हलवता वाळू द्यावेत. ब्रेकचा मला दिसणारा सगळ्यात खरा उपयोग हाच: काही आठवड्यांत आपल्या डोक्यावर नेमकं काय आहे ते कळतं. कुणाला कळेल की लाट मागे आहे, पुढे केस सरळच आहेत. कुणाला कळेल की जेलशिवायही केस ठीक दिसतात, आणि कुणाला कळेल की नाही दिसत; तिनं मजेत परत जेल लावावं. नटण्यात आनंद असेल तर ते काम नाही, आणि त्याला ब्रेकची गरजही नाही.

रिबाँडिंग केलेल्यांना हे सोपं जात नाही. मुळाशी आपली लाट आणि खाली सरळ काड्या, या दोन पोतांच्या सांध्यावर केस तुटतो. ३० सेंटिमीटर केस पूर्ण बदलायला अडीच वर्षं लागतात. इतका धीर नसेल तर थोडं थोडं कापत जाणं हा एकच उपाय आहे. त्या सांध्याला जोडणारं क्रीम निघालेलं नाही, बाटलीवर काहीही छापलेलं असो. आणि ब्रेकच्या काळात केस पातळ झाले, लाट ढिली पडली, भांगेतली कातडी जास्त दिसू लागली, तर त्याचा दोष जेल सोडण्याला देऊ नये. दिवसाला ५० ते १०० केस सगळ्यांचेच गळतात. कडक ताप, बाळंतपण किंवा मोठा आजार होऊन गेल्यावर दोन-तीन महिन्यांनी एकदम गळती लागते आणि बहुधा आपोआप थांबते. थायरॉइडचा बिघाड किंवा रक्तक्षयही कारण असू शकतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय निघाला. केसांवर महिन्याला जेवढे पैसे जातात त्यातून एकदा हिमोग्लोबिन आणि फेरिटिन तपासून होतं. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात किंवा सावंगीच्या रुग्णालयात त्वचारोगाच्या ओपीडीत जाऊन डोकं दाखवता येतं, आणि तिथे जाताना केसांना काही लावून जायचं नसतं.